‘मला नाही जमत’ : समन्वयाची अडचण असलेली मुलं स्वतःच्या शरीराबद्दल काय समजतात? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. ज्यांच्या हातून चेंडू सुटतो, ज्यांची नाडी बांधून होत नाही, जी सपाट जमिनीवर ठेचकाळतात अशी मुलं आणि त्यांचे आईबाप हे माझं रोजचं काम. हालचालींबद्दलचे प्रश्न सगळेच पहिल्या भेटीत विचारतात. तीनचार भेटी झाल्या, की मूल खोलीबाहेर गेल्यावर हळू आवाजात वेगळा प्रश्न येतो: “त्याला स्वतःला काय वाटत असेल हो?” खालचे प्रश्न बहुतेक त्याच जातीचे आहेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवलेत. एखाद्या उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. समन्वयाची अडचण म्हणजे नेमकं काय? आमचा मुलगा नुसताच धांदरट असला तर?

धांदरट मूल घाईघाईत पाणी ओततं म्हणून सांडतं. “जरा सावकाश” म्हटलं की नीट ओततं. समन्वयाची अडचण असलेलं मूल जीभ दातांत धरून, श्वास रोखून, अगदी मन लावून ओततं आणि तरीही सांडतं. यावरून निदान होत नाही, पण घरच्या घरी फरक ओळखायची माझी ही सगळ्यात सोपी खूण.

वैद्यकीय नाव विकासात्मक समन्वय विकार. बोलताना सगळे ‘डीसीडी’ म्हणतात. १९९४ मध्ये कॅनडातल्या लंडन (ऑन्टारिओ) इथे जमलेल्या तज्ज्ञांनी हे नाव वापरायचं ठरवलं. त्याआधी अशा मुलांना सरळ ‘क्लम्झी’ म्हणत. २०१३ च्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेप्रमाणे चार गोष्टी पाहतात. वयाच्या आणि मिळालेल्या संधीच्या मानाने हालचालींची कौशल्यं बरीच कमी असणं, त्यामुळे रोजची कामं, शाळा आणि खेळ अडणं, सुरुवात लहानपणीच झालेली असणं, आणि दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता किंवा सेरेब्रल पाल्सीसारखं दुसरं कारण नसणं. हुशारीशी याचा संबंध नाही. पाच वर्षांच्या आत सहसा निदान करत नाहीत, कारण त्या वयात मुलामुलांतला फरक मुळातच फार असतो.

२. हे किती मुलांना असतं?

५ ते ११ या वयोगटात साधारण ५ ते ६ टक्के मुलांना. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात एक किंवा दोन.

३. आपल्याला इतरांसारखं जमत नाही, हे मुलाला स्वतःला कळतं का?

कळतं. पण सगळ्यांना एका वयात कळत नाही, आणि सगळ्याच गोष्टींबद्दल कळत नाही. आठ-नऊ वर्षांपुढच्या मुलांवर झालेले अभ्यास पाहिले, तर समन्वयाची अडचण असलेली मुलं खेळातल्या आणि शारीरिक क्षमतेबद्दल स्वतःला बरोबरीच्या मुलांपेक्षा सरासरीने कमी गुण देतात. मात्र हा निष्कर्ष गटाच्या सरासरीचा आहे. समोर बसलेलं एखादं मूल स्वतःला अगदी उत्तम समजत असू शकतं आणि दुसरं, प्रत्यक्षात कमी अडचण असूनही, स्वतःला पार मोडीत काढत असू शकतं.

या मुलांना स्वतःचा अंदाज बांधणं अवघड जातं त्यामागे एक कारण असं आहे, ज्याकडे फारसं कोणी पाहत नाही. त्यांची हालचाल दर वेळी वेगळी होते. हात हलवण्याआधीच मेंदू त्या हालचालीचा परिणाम काय होईल याचं भाकीत करतो आणि त्यावर हालचाल बारीकबारीक दुरुस्त करत नेतो. डीसीडीमध्ये हे भाकीत कच्चं पडतं, असं आज बरेच संशोधक मानतात. मग काल चार झेल पकडले, आज एकही नाही. असं रोज होत असेल तर “तुला झेल येतो का?” या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर काय द्यायचं? काही मुलं कालचा दिवस लक्षात ठेवतात, काही आजचा. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही उत्तरं खोटी वाटतात.

४. माझी पाच वर्षांची मुलगी शर्यतीत शेवटची येते आणि घरी येऊन सांगते, “मीच सगळ्यात फास्ट!” ती खोटं बोलते का?

नाही. या वयात जवळजवळ सगळीच मुलं स्वतःला भारी समजतात, अडचण असो वा नसो. लहान मूल स्वतःची तुलना शेजारच्या मुलाशी कमी आणि कालच्या स्वतःशी जास्त करतं. शिवाय ‘खूप जोर लावला’ आणि ‘चांगलं जमलं’ यांत त्याला फरक दिसत नाही. ती जीव तोडून धावली, म्हणजे ती फास्टच.

तिला दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. हा फुगा तिला पुन्हापुन्हा मैदानात ओढून नेतो, आणि पुन्हापुन्हा जाण्यातूनच काही शिकायची शक्यता असते. फक्त सुरक्षिततेचा प्रश्न असेल तिथे लक्ष ठेवा. धडधाकट सहा-आठ वर्षांची मुलंसुद्धा आपला हात किती लांब पोचेल याचा अंदाज वाढवून सांगतात, आणि १९९५ च्या एका अभ्यासात असं जास्त वाढवून सांगणाऱ्या सहा वर्षांच्या मुलांना अपघातही जास्त झालेले आढळले होते. तेव्हा भिंतीवर चढायच्या बेताला तुम्ही जवळ उभे राहा. शर्यतीच्या बढाईला नुसतं हसलात तरी चालेल.

५. मग सातव्या-आठव्या वर्षी असं काय होतं, की मूल एकदम मागे सरतं?

तुलना करता यायला लागते. मूल आता स्वतःकडे इतरांच्या नजरेने पाहू शकतं, आणि नेमक्या त्याच सुमाराला खेळांना नियम येतात, संघ पडतात, भिडू निवडले जातात. शेवटी उरणारं मूल कोण, हे त्या मुलाला मोजून माहीत असतं.

यानंतरचं चक्र अभ्यासकांनी बरंच तपासलं आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सुसान हार्टर यांनी १९७८ मध्ये मांडलं, की आपल्याला जमतं असं वाटलं तर मूल पुढे जाऊन आणखी प्रयत्न करतं, नाही वाटलं तर टाळतं. २००८ मध्ये संशोधक स्टॉडन आणि सहकाऱ्यांनी याच धाग्यावर मुलांच्या हालचालींचं चक्र मांडलं: कौशल्य कमी, म्हणून ‘मला येत नाही’ ही समज, म्हणून खेळणं कमी, म्हणून सराव कमी, म्हणून कौशल्य आणखी कमी. लहानपणी प्रत्यक्ष कौशल्य आणि समज यांचा एकमेकांशी संबंध ढिला असतो, वाढत्या वयात तो घट्ट होत जातो. ऑन्टारिओतल्या शाळकरी मुलांवरच्या २००५ च्या एका अभ्यासात डीसीडी असलेली मुलं खेळात कमी का उतरतात याचं निम्मंअर्धं नाही, पण ठळक उत्तर त्यांच्या स्वतःबद्दलच्या समजुतीत सापडलं. शरीर साथ देत नाही म्हणून ती बसतात, आणि शरीर साथ देणार नाही असं वाटतं म्हणूनही बसतात.

६. “मला आवडत नाही”, “कंटाळा येतो”, “पाय दुखतो”... खरं मानू की बहाणा?

बहाणा हा शब्द आधी बाजूला ठेवू. आपल्या बोलण्यात यासाठी चार वेगवेगळी वाक्यं आहेत आणि मुलं ती फार अचूक वापरतात. आपणच ती एकाच पोत्यात भरतो.

‘मला येत नाही’ म्हणजे अजून शिकलो नाही; इथे दार उघडं आहे. ‘मला जमत नाही’ म्हणजे करून पाहिलं, हरलो. ‘मला आवडत नाही’ हे बहुतेक वेळा ‘जमत नाही’चं वय वाढलेलं रूप असतं. आणि ‘मला नको’ किंवा ‘पाय दुखतोय’ हे, कारण विचारूच नका, असं सांगणं असतं. मी भेटींच्या नोंदीत मुलाचं वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवते. सहा महिन्यांत ‘येत नाही’चं ‘आवडत नाही’ झालं असेल, तर मधे काहीतरी घडलेलं असतं.

एक नऊ वर्षांचा मुलगा आठवतो. चेंडूच्या प्रत्येक खेळात तो आपण होऊन म्हणायचा, “मी गुण लिहितो.” सुबक रकाने आखायचा, कोणाची चूक झाली तर भांडून दुरुस्त करायचा. सगळे त्याचं कौतुक करत. त्याला खेळ आवडत नाही असं घरच्यांचं ठाम मत होतं. एकदा बाकीची मुलं गेल्यावर मी त्याच्याकडे मऊ, मोठा चेंडू हळूच घरंगळत सोडला. त्याने दोन्ही हातांनी, छातीशी धरून तो अडवला आणि दारातून कोणी पाहत नाही ना, हे बघून माझ्याकडे परत ढकलला. आम्ही वीस मिनिटं खेळलो. आवड होतीच. नको होते ते बघणारे.

आणि खरोखरच नावड असू शकते, हेही मान्य करायला हवं. ओळखायचं कसं? एकट्याने, कोणी पाहत नसताना मूल ती गोष्ट करतं का ते बघा. पाय दुखण्याबद्दल मात्र एकदा डॉक्टरांना दाखवाच. सैल सांध्यांच्या मुलांचे पाय खरोखर दुखतात.

७. मूल स्वतःबद्दल काय समजतं, हे मोजता येतं का?

येतं, आणि त्याची साधनं जुनी आहेत. हार्टर यांची १९८५ ची प्रश्नावली साधारण आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी आहे. त्यात ३६ विधानं आणि सहा भाग: अभ्यास, मित्रांमधलं स्थान, खेळातली क्षमता, दिसणं, वागणूक आणि एकूण स्वतःबद्दलचं समाधान. विचारायची पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. ‘तुला खेळ येतो का?’ असं विचारत नाहीत. काही मुलं अशी असतात, काही मुलं तशी असतात, तू कोणासारखा? असं विचारतात. दोन्ही बाजूंना मुलं आहेतच म्हटल्यावर कमी बाजू निवडायची लाज वाटत नाही. त्याहून लहान मुलांसाठी १९८४ मध्ये हार्टर आणि पाइक यांनी चित्रांची आवृत्ती काढली.

नुसत्या शारीरिक हालचालींवर बेतलेली, जॉन हे (Hay) या संशोधकांची १९९२ ची प्रश्नावली आणखी एक बारकावा पकडते. मला पुरेसं येतं का, मला करावंसं वाटतं का, आणि मला मजा येते का, हे तीन प्रश्न ती वेगळे ठेवते. माझ्या रोजच्या कामात मात्र चित्रांच्या जोड्यांचं एक कॅनेडियन साधन जास्त उपयोगी पडतं. ते साधारण पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्यात मूल आधी आपल्याला काय जमतं ते दाखवतं आणि मग यातलं काय शिकायचं ते स्वतःच निवडतं.

ही सगळी साधनं समज मोजतात, कौशल्य नाही. कौशल्यासाठी ‘मूव्हमेंट एबीसी’सारखी चाचणी असते: हातांची सफाई, नेम आणि झेल, तोल. दोन्हींचे कागद शेजारी ठेवले की खरी गोष्ट दिसायला लागते.

८. आम्ही म्हणतो त्याला सायकल येत नाही, तो म्हणतो येते. कोणाचं खरं धरायचं?

दोघांचं. मुलं स्वतःला पालकांपेक्षा सहसा जास्त गुण देतात. पण तुम्ही ‘सायकल येते’ म्हणता तेव्हा रस्त्यावरून वळणासकट चालवणं तुमच्या मनात असतं. तो ‘येते’ म्हणतो तेव्हा अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पाय न टेकता. आधी गोष्ट एकच आहे ना, ते तपासा.

मतभेद त्यानंतरही उरला, तर मी शिकवण्यासाठी मुलाचं मत धरते आणि सुरक्षिततेसाठी पालकांचं. मुलांनी निवडलेली उद्दिष्टं पालकांच्या यादीत बरेचदा नसतातच. पालकांना हस्ताक्षर हवं असतं, मुलाला दोरीवरच्या उड्या. मी उड्यांपासून सुरुवात करते.

९. शारीरिक बाबतीत तो स्वतःला कमी समजतो. म्हणजे त्याचा आत्मविश्वासच खचलाय का?

असं गणित सरळ नाही. ‘मला चेंडू झेलता येत नाही’ हा अंदाज आहे. ‘मी काही कामाचा नाही’ ही किंमत आहे. पहिल्यातून दुसरं निघायलाच हवं असं काही नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्येच लिहून ठेवलं, की स्वतःबद्दलचा आदर म्हणजे मिळालेलं यश भागिले बाळगलेल्या अपेक्षा. ज्या मुलाला खेळाचं फारसं काही वाटत नाही, त्याला खेळात शून्य मिळालं तरी तो मजेत असतो. ज्याच्या घरी आणि दोस्तांत खेळ हेच सगळं, त्याचं तेवढंच शून्य फार महाग पडतं.

तरी गटाच्या सरासरीत या मुलांमध्ये एकूण समाधान कमी आणि चिंता जास्त आढळते. वय वाढतं तसं हे अंतर जास्त टोचायला लागतं. अंदाजाची किंमत कधी झाली, हे भाषेतून कळतं. ‘सुटला’ऐवजी ‘माझ्याकडून नेहमीच सुटतो’, आणि त्यानंतर ‘मी आहेच वेंधळा’. वेंधळा, आळशी, हात आहेत का काय... हे शब्द मुलाला कोणीतरी आधी ऐकवलेले असतात. घरात हे शब्द बंद होणं हा माझ्या मते पहिला उपचार, आणि त्याला थेरपिस्ट लागत नाही.

१०. तो छान पळतो, पण हस्ताक्षर वाचवत नाही. अशा मुलाला स्वतःबद्दल काय वाटतं?

मोठ्या हालचालींची अडचण मुलाच्या ‘मी खेळात कसा’ या समजुतीवर जास्त उमटते, बारीक हालचालींची ‘मी अभ्यासात कसा’ यावर. लिहायला वेळ लागतो, पान अर्धवट राहतं, आणि मूल निष्कर्ष काढतं की मी ढ आहे. त्याला उत्तर येत होतं, हात पोचला नाही, हे त्याला कोणी वेगळं करून सांगितलेलंच नसतं. अशा मुलाला एकदा तोंडी परीक्षा घेऊन दाखवा. आपल्याला किती येतं ते त्याला स्वतःच्याच तोंडून ऐकू येतं.

११. दारातून जाताना खांदा आपटतो, पायरीचा अंदाज चुकतो. हाही ‘स्वतःबद्दलची समज’ यातलाच प्रकार का?

शब्द तोच, ‘अंदाज’, पण मजला वेगळा. वर प्रश्न ३ ते ९ मध्ये आपण बोललो तो विचारातला अंदाज. हा शरीरातला. कोणतीही फट, पायरी, उंची आपण सेंटिमीटरमध्ये पाहत नाही, आपल्या शरीराच्या मापाने पाहतो. १९८४ मध्ये विल्यम वॉरन या संशोधकांनी दाखवलं, की पायरी चढण्याजोगी आहे का हे लोक पायाच्या लांबीच्या साधारण ०.८८ पट उंचीवर ठरवतात, माणूस उंच असो की बुटका. फटीतून जाताना माणूस खांदे कधी वळवतो? फट खांद्यांच्या रुंदीच्या साधारण १.३ पटीपेक्षा अरुंद असली की. म्हणजे ४० सेंटिमीटर खांद्यांना साधारण ५२ सेंटिमीटर.

डीसीडी असलेल्या प्रौढांवर असे प्रयोग झाले, तेव्हा त्यांनी इतरांना सरळ जाता येईल अशा रुंद जागेतही खांदे वळवले. मला यात चूक दिसत नाही. चालताना अंग जास्त डोलत असेल तर जास्त जागा सोडणं हाच शहाणपणा. शरीराला स्वतःचा स्वभाव माहीत असतो. मुलांमध्ये हे मोजमाप अजून बसलेलं नसतं, त्यात उंची दर महिन्याला बदलते. झपाट्याने वाढ होण्याच्या काळात आपटणं-सांडणं वाढलं, तर घाबरून जाऊ नका.

१२. मुली आणि मुलगे यांत फरक असतो का?

निदान मुलग्यांमध्ये जास्त होतं. वेगवेगळ्या अभ्यासांत हे प्रमाण २:१ पासून ७:१ पर्यंत आहे. खेळातल्या क्षमतेबद्दल मुली स्वतःला मुलग्यांपेक्षा सरासरीने कमी गुण देतात, अडचण नसली तरीही. त्यामुळे ‘मला नाही जमत’ म्हणणाऱ्या मुलीकडे ‘मुलींना नसतंच जमत’ म्हणून दुर्लक्ष होतं. कोपऱ्यात शांतपणे बसणारी मुलगी कोणाला त्रास देत नाही, म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही.

१३. आमच्या मुलाला एडीएचडीही (लक्ष टिकत नाही, अतिचंचलता) आहे. तो उलट स्वतःला चॅम्पियन समजतो. तुमचं सगळं इथे उलटं कसं?

हा खराच अपवाद आहे. डीसीडी असलेल्या निम्म्याच्या आसपास मुलांमध्ये एडीएचडीही सापडतो, आणि एडीएचडीच्या काही मुलांमध्ये स्वतःच्या क्षमतेचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच वर असतो. त्याला काही जण मनाचं संरक्षण म्हणतात, काही जण लक्ष कमी पडल्यामुळे स्वतःच्या चुका नोंदल्याच जात नाहीत असं म्हणतात. मला दोन्ही प्रकारची मुलं भेटली आहेत.

वागायची रीत पाच वर्षांच्या मुलीसारखी (प्रश्न ४) ठेवता येत नाही, कारण हा मोठा आहे आणि मित्र त्याच्या बढायांना कंटाळतात. पण तोंडावर “तुला येत नाही” म्हटलं तर तो पेटतो. त्याला स्वतःला मोजू द्या. “दहापैकी किती झेल घेशील?” त्याने दहा सांगू दे. टाका. तीन. “पुढच्या दहात किती?” बहुतेक मुलं दोनतीन फेऱ्यांत चार-पाचवर येतात, आणि चार आले की खूश होतात. अंदाज बरोबर येणं हाच खेळ झाला, की कमी आकड्याची नामुष्की राहत नाही.

१४. “तुला जमेल, तू करू शकतोस!” असं आम्ही सारखं म्हणतो. बरोबर ना?

प्रेम बरोबर आहे, उपाय कमजोर आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये सांगितलं, की ‘मला जमेल’ हा विश्वास चार वाटांनी येतो: स्वतः करून जमलेलं, आपल्यासारख्याला जमलेलं पाहणं, कोणी धीर देणं, आणि त्या वेळी शरीराची अवस्था, म्हणजे छाती धडधडतेय की शांत आहे. यात सगळ्यात पक्की पहिली. धीर देणं तिच्या मानाने फार मागे. वरून “तुला जमेल” म्हटलं आणि नाही जमलं, तर मुलाच्या हिशोबात एक हरणं आणि तुमचं एक खोटं, असे दोन धक्के बसतात.

त्याऐवजी दिसलं ते सांगा. “या वेळी तू चेंडू हातात येईपर्यंत डोळे उघडे ठेवलेस.” हे मुलाला पटतं, कारण ते खरं आहे. दुसऱ्या वाटेबद्दल एक सूचना: आदर्श म्हणून पट्टीचा खेळाडू दाखवू नका. त्याच्याइतकंच अडखळणारं, पण महिनाभर आधी शिकलेलं मूल दाखवा.

१५. भरपूर सराव करून घेतला तर समज आपोआप सुधारेल ना?

कधीकधी. कौशल्य आधी सुधारतं, समज मागून लंगडत येते, आणि काही वेळा येतच नाही. एका मुलाला सायकल येऊन सहा महिने झाले होते, तरी तो “मला नीट नाही येत” असंच म्हणायचा, कारण त्याच्या मते ते त्याने केलेलंच नव्हतं. बाबांनी धरून, ढकलून, ओरडून करून घेतलं होतं.

यावर कॅनडातल्या हेलेन पोलाटायको आणि अँजेला मँडिच यांनी विकसित केलेली ‘सीओ-ओपी’ ही पद्धत मला पटते. मूल स्वतः उद्दिष्टं निवडतं, सहसा तीन. मग चार पायऱ्या: ध्येय, बेत, कृती, तपास. थेरपिस्ट युक्ती सांगत नाही, प्रश्न विचारते. बुटाची नाडी बांधायला शिकणारी एक मुलगी. दर वेळी दुसरं लूप करायला गेली की पहिलं सुटायचं. मी विचारलं, “सुटलं तेव्हा तुझा अंगठा कुठे होता?” तिने खाली पाहिलं, अंगठा हवेत होता. “अच्छा! याने दाबून ठेवायचं!” पुढच्या दोन भेटींत नाडी झाली. तिने आईला फोन करून सांगितलं ते वाक्य “मला नाडी येते” असं नव्हतं. ती म्हणाली, “मला कळलं का सुटत होती ते.”

१६. खेळाच्या तासाला शिक्षक म्हणून मी काय बदलू?

मुलांना भिडू निवडायला लावणं बंद करा, चिठ्ठ्या टाका. एकेका मुलाने पुढे येऊन बाकीच्यांसमोर करून दाखवायचं, हेही बंद. एकाच वेळी सगळे करत असले की कोण कसं करतंय हे कोणाला दिसत नाही. चेंडू मोठा, मऊ, हळू येणारा घ्या. अंतर मुलाला निवडू द्या. पोहणं, सायकल, चढणं, धावणं असे, जिथे समोरचा माणूस आणि उडता चेंडू दोन्ही नाहीत, असे प्रकार यादीत ठेवा. आणि गुणलेखक व्हायला नेहमी तयार असणाऱ्या मुलाकडे एकदा पुन्हा बघा (प्रश्न ६).

१७. मुलाला निदान सांगावं का? नाव कळलं तर तो त्याचाच आधार घेईल अशी भीती वाटते.

सांगावं. मुलाकडे स्वतःचं एक निदान असतंच, आणि ते बहुधा ‘मी मूर्ख’ किंवा ‘मी आळशी’ असं असतं. तुमचं त्याहून नक्की बरं. आठ वर्षांच्या मुलाला इतकं पुरतं: “तुझ्या डोक्याला काय करायचं ते माहीत असतं, हातापायांपर्यंत निरोप पोचताना गडबड होते. म्हणून तुला इतरांपेक्षा जास्त वेळा करावं लागतं.” आधार घेईल, ही भीती मला फारशी खरी झालेली दिसली नाही. चार दिवस घेतात, मग विसरतात.

१८. मोठेपणी हे जातं का?

अंदाजे ५० ते ७० टक्के मुलांमध्ये अडचण किशोरवयातही राहते. नवी हालचाल शिकायची वेळ आली, जसं वाहन चालवणं, की ती पुन्हा वर येते. पण मोठ्या माणसाला एक सवलत असते: कशात भाग घ्यायचा ते तो ठरवतो. शाळेतल्या मुलाला ती नसते. किशोरवयात एखाद्याने चेंडूचे खेळ सोडून एकट्याने पोहायला जायचं ठरवलं, तर मी त्याला टाळणं म्हणत नाही. सगळ्याच हालचाली सोडून तो खोलीत बसला, मित्र तुटले, झोप-भूक बिघडली, “मी नसतो तर बरं” असं काही बोलला, तर मात्र प्रश्न समन्वयाचा राहिलेला नाही. बालमानसोपचारतज्ज्ञांकडे लगेच जा.

१९. आधी जमत होतं, आता ‘जमत नाही’ म्हणतो. आत्मविश्वास गेला असेल का?

आधी शरीर तपासून घ्या. डीसीडी लहानपणापासून असतो आणि त्यात आलेलं कौशल्य सहसा जात नाही. जिना सहज चढणारं मूल कठड्याला धरायला लागलं, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकायला लागलं, चालताना तोल जायला लागला, एका बाजूचा हात कमी वापरायला लागलं, तर बालरोगतज्ज्ञ किंवा मुलांचे मेंदूविकारतज्ज्ञ यांच्याकडे त्याच आठवड्यात दाखवा. सोबत सकाळी उठल्याउठल्या डोकेदुखी-उलटी असेल तर त्याच दिवशी. जाताना जुना एखादा व्हिडिओ, वाढदिवसाचा किंवा सहलीचा, फोनमध्ये काढून ठेवा. सहा महिन्यांपूर्वी मूल कसं पळत होतं, हे डॉक्टरांना त्यातून दहा सेकंदांत दिसतं.